उत्तर: ओल्डहॅमचे तीन जॉन, त्यातला आपला कुठला?

ताई, प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: जावई इंग्लंडमधल्या, मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमचे, नातीला तिच्या बाबांकडची वंशावळ करून द्यायचीय, १८५१ च्या जनगणनेपर्यंत तुम्ही मागे पोचलात, तिथं जॉन, टोप्या बनवणारा, वय ५६, जन्म ओल्डहॅम. आणि सेंट मेरी चर्चच्या बाप्तिस्म्यांत १७९३ ते १७९६ मध्ये त्याच आडनावाचे तीन जॉन निघाले, लग्न कुठंच सापडेना, आणि कुणीतरी नेटवर आयता ट्री टाकलाय त्यात मधला जॉन धरलाय. तोच घेऊ का, असं विचारताय.

नका घेऊ. मी घेतला होता म्हणून सांगते. माझ्या नवऱ्याकडची मंडळी शेजारच्या रॉयटनची, मीपण असाच एक आयता ट्री उचलला, दोन हिवाळे त्या माणसाच्या मागे मागे जात राहिले, त्याचे आईबाप, आजोबा, सगळं अगदी छान जुळवलं, आणि मग एक दिवस सहज दफनाच्या नोंदी चाळताना दिसलं की ते बाळ चार महिन्यांचं असतानाच गेलं होतं. म्हणजे मेलेल्या बाळाला मी एक बायको, सहा मुलं आणि एक हातमाग देऊन बसले होते!

म्हणून पहिलं काम, तिन्ही जॉन जगले का ते बघा. त्याच रजिस्टरात दफनं असतात, १७९३ पासून पुढची दहा वर्षं ओळ न ओळ वाचायची, सर्चवर भरवसा नको कारण आडनावाचं स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर होतं. लहान मुलाच्या नोंदीत बापाचं नाव असतं बहुतेक, त्यावरून कळतं. आणि तिघांपैकी दोघांचे आईबाप एकच असतील तर पहिला गेला असणार हे जवळपास नक्की, कारण मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची तिथं सर्रास पद्धत होती.

आता लग्न का सापडत नाही. आपण "गाव ओल्डहॅम" म्हणून शोधतो तिथंच घोळ होतो. ओल्डहॅम, रॉयटन, चॅडरटन, क्रॉम्प्टन या टाउनशिप, म्हणजे कर आणि गोरगरिबांचा खर्च यांचा हिशोब ठेवणारी गावं म्हणा. चर्चची हद्द म्हणजे पॅरिश, ती वेगळी, आणि उत्तरेत या पॅरिश अवाढव्य. या चारही टाउनशिप मिळून प्रेस्टविच-कम-ओल्डहॅम अशा एकाच पॅरिशमध्ये येत होत्या. बाजूचं सॅडलवर्थ तर आणखी गंमत, जिल्हा यॉर्कशायर आणि पॅरिश लँकेशायरमधली रॉचडेलची! त्यामुळे ओल्डहॅम, प्रेस्टविच, रॉचडेल, ॲश्टन हे सगळं बघाच, पण माझ्या मते पहिलं बघायचं ते मँचेस्टरचं कॉलेजिएट चर्च, आजचं कॅथेड्रल (१८४७ पासून). आसपासच्या गावांतली जोडपी तिथं झुंडीनं जायची, एकेका वेळी कितीतरी लग्नं लागायची. जोशुआ ब्रुक्स नावाचे पाद्री होते तिथं, घाईत जोड्यांची अदलाबदल झाली तर बाहेर गेल्यावर तुमचं तुम्ही निवडून घ्या म्हणायचे, असा किस्सा सांगतात. खरा की खोटा देव जाणे, पण रजिस्टर उघडलं की पटतो.

जॉन चर्चऐवजी चॅपलवाला, म्हणजे अँग्लिकन या अधिकृत चर्चपासून वेगळ्या पंथाचा असला, ग्रीनेकर्सच्या चॅपलला वगैरे जाणारा, तरी १७५४ ते १८३७ या काळात लग्न अँग्लिकन चर्चमध्येच लावावं लागायचं, सूट फक्त क्वेकर आणि ज्यू लोकांना. बाप्तिस्मा मात्र चॅपलच्या वहीत असू शकतो. म्हणजे सेंट मेरीमधल्या तिघांपैकी एकही तुमचा नसेल, चौथाच असेल, हेही डोक्यात ठेवा. चॅपलच्या त्या जुन्या वह्या १८३७ नंतर सरकारनं गोळा केल्या, आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, ऑनलाइन दिसतात.

पण एक सांगू का, लग्न सापडलं तरी तुमचा प्रश्न सुटणार नाही. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील फॉर्ममध्ये बापाचा धंदा आणि राहण्याची जागा आली, ते फार उपयोगी, पण त्या काळच्या लग्नाच्या नोंदीत बापाचं नावच नसतं. नवरा-बायको, पॅरिश, दोन साक्षीदार आणि सहीच्या जागी दोन फुल्या, झालं. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकला क्षेत्रोपाध्यांच्या वहीत एक नाव सांगितलं की अख्खं कुळ बाहेर येतं तशी ही वही नाही, इथं प्रत्येक नोंद सुटी असते आणि जोडायचं काम आपलं.

आता तुमच्या पोस्टमधली जी गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीय ती बघा. १८५१ ला घरात जॉन ५६, बायको ४१, मुलं २९, १७ आणि ११. अहो, बायको ४१ आणि मुलगा २९, म्हणजे बारा वर्षांची असताना झाला? शक्यच नाही. ही दुसरी बायको आहे! आणि १७ नंतर एकदम ११, मधलं अंतर बघा. पहिली बहुधा १८३४ ते १८३९ मध्ये कधीतरी गेली आणि यानं पुन्हा लग्न केलं. ते १ जुलै १८३७ नंतरचं निघालं तर लॉटरीच, कारण तेव्हापासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि लग्नाच्या दाखल्यात दोघांच्याही बापाचं नाव आणि धंदा लिहायला लागले.

तेव्हा असं करा. सरकारी नोंदणीच्या, म्हणजे जीआरओच्या साइटवर जन्माच्या इंडेक्समध्ये त्या ११ वर्षांच्या मुलाला शोधा, १८३९-४० मध्ये, ओल्डहॅम जिल्हा. त्यात आईचं माहेरचं आडनाव दिसतं, तेही फुकटात. ते हातात आलं की लँकेशायर बीएमडी किंवा फ्री बीएमडी या जन्म-लग्न-मृत्यूच्या इंडेक्सच्या साइटवर १८३७ ते १८४० मध्ये लग्न शोधा आणि दाखला मागवा, पैसे पडतील पण हा एक दाखला घ्याच. (बायको आधीची विधवा असेल तर इंडेक्समधलं आडनाव आणि लग्नातलं आडनाव वेगळं निघेल, घाबरू नका.) दाखल्यावरचा बाप तिघांपैकी ज्याचा, तो तुमचा.

आणि हो, १८४१ ला त्याचं वय ४५ दिसतंय म्हणून गोंधळला होतात ना, त्या वर्षी पंधराच्या वरच्यांची वयं बहुतेक ठिकाणी खालच्या पाचाच्या पाढ्यात उतरवलीत, ४६ चे ४५. ते बरोबरच आहे.

माहेरचं आडनाव मिळालं की इथंच टाका, मँचेस्टरची लग्नं मी बघते. आणि नातीला तोपर्यंत जॉनच्या वर पेन्सिलनंच लिहू दे.