आधी आठवण, मग जाहिरात

अहो, दुकानदारांची जीएसटी विवरणपत्रं भरून देण्याचं काम वाढवायचंय ना? मग ग्राहकांना आठवण द्यायला महागडं सॉफ्टवेअर लगेच घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर सुरुवात करा. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील) मुदत ११ तारीख, जीएसटीआर-३बी ची (कराचा गोषवारा) २०. म्हणून ५ तारखेलाच ‘बिलं पाठवा’ हा निरोप ब्रॉडकास्ट यादीवर, म्हणजे एकदम अनेकांना निरोप धाडणाऱ्या यादीवर, टाका. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच तो पोचतो. मी हे पहिल्या भेटीत सांगायला विसरायचो, आणि दोन महिने भिंतीशी बोलत होतो! ३बी ला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. तुमच्यामुळे हा भुर्दंड टळलेला दुकानदारच शेजारच्या गाळ्यात तुमचं नाव सांगतो. नव्या चौकशीला वेगळं लेबल लावा. दर मात्र आपोआप कळवू नका, फोन करा. किराणावाल्याचं काम वेगळं, कंत्राटदाराचं वेगळं.