ट्रेटला ‘लक्षण’ म्हणू नका ओ

प्रश्न असा आलाय की मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडच्या संदर्भात ‘कॅरॅक्टर ट्रेट’ येतं, म्हणजे माणसाच्या स्वभावाची ठरलेली खूण, त्याला मराठीत लक्षण म्हणायचं का गुणधर्म. गुणधर्म तांब्या-पितळेला राहू द्या. आणि ‘लक्षण’ वाचलं की माझं डोकंच फिरतं, नोट्समध्ये आजाराच्या सिम्प्टमलाही लक्षण आणि ट्रेटलाही लक्षण, अहो तोच तर सगळा फरक आहे! सिम्प्टम माणसाला खुपतो, ट्रेटवाला म्हणतो मी आहेच असा, तुमचंच काहीतरी बिघडलंय. १९०८ च्या लेखात फ्रॉइडनं टापटीप, काटकसर आणि हट्ट एका माळेत ओवले, त्यातलं एक तरी घेऊन कोण डॉक्टरकडं जातंय?

पण मजा पुढंच आहे. १९२१ मध्ये तो लिहितो की एखाद्याशी एकरूप होताना आपण कधीकधी अख्खा माणूस घेत नाही, त्याची एकच खूण उचलतो, जसा त्याच्या डोरा नावाच्या पेशंटनं वडिलांचा खोकला उचलला. जर्मनमध्ये ही खूण म्हणजे ‘त्सुग’, फ्रेंचमध्ये ‘ट्रे’ (आपला ट्रेट तोच), दोन्हींच्या मुळाशी ओढणं, रेघ ओढणं. लाकाँ या फ्रेंच मनोविश्लेषकानं तर त्या एका रेघेवर केवढा काथ्याकूट केलाय. आणि आपल्याकडं आयता शब्द पडलाय की, लकब!

लकब मूळची अरबी, तिकडं अर्थ किताब किंवा टोपणनाव. मराठीत ती बोलण्या-चालण्याची तऱ्हा कशी झाली? माझं म्हणणं, तऱ्हेवरूनच टोपणनाव पडतं, मग नाव आणि तऱ्हा एकच होऊन बसतात. आमच्या सोलापूरच्या साखर पेठेत एक काका होते, जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात गेला, त्यामुळं कुणी बोललं की हात कानामागं. नाव पडलं ‘कानवाले’. त्यांचा पोरगा पुण्यात एसी ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो, तिथं टाचणी पडली तरी ऐकू येईल, कान ठणठणीत, तरी ऐकताना हात कानामागं! आणि गावी आला की तोही कानवालेच.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त मराठीचे सर म्हणतात, अर्थ नुसता घसरलाय, त्यात थिअरी कसली. सर, घसरायला उतार लागतो की! शब्दकोशात दोन अर्थ एकाखाली एक लिहिले म्हणजे व्युत्पत्ती होत नाही.

हां, प्रश्न परीक्षेसाठी असेल तर गपचूप ‘गुणविशेष’ लिहा, मार्क त्यालाच आहेत.