जुन्या पिकअपला ऑइल कोणतं टाकू?

भावा, दुकानदार म्हणाला म्हणून थेट २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल उचलू नकोस. जुनं इंजिन म्हणजे जाड ऑइल, हे अर्धवट ज्ञान आहे. तुझी बोलेरो पिकअप डिझेल आहे, तेव्हा आधी मॅन्युअल बघ. नसेल तर आपल्याकडच्या हवेत अशा जुन्या डिझेलला त्याहून पातळ १५डब्ल्यू-४० बहुतेक वेळा चालतं. डब्यावर एपीआयची (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) अक्षरं वाच: 'सी'ने सुरू होणारी डिझेलची (सीएच-४, सीआय-४), 'एस'ची पेट्रोलची. मोटारसायकलचं उरलेलं ऑइल ओतायचा मोह आवर.

जाड ऑइल कधी? दोन बदलांच्या मध्ये लिटरभर टॉप-अप लागतंय, सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तेव्हा २०डब्ल्यू-५० टाकून बघायला हरकत नाही. पण पिस्टनच्या गेलेल्या रिंगा ऑइलने भरून येत नाहीत, थोडे दिवस ढकलले जातात इतकंच. पहाटेच्या थंडीत जाड ऑइल वर चढायला वेळ घेतं आणि झीज नेमकी तेव्हाच होते.

सिंथेटिकवर पैसे घालवू नकोस. गळक्या सीलच्या गाडीत महागडं ऑइल रस्त्यालाच पाजायचं का? साधं मिनरल घे, वेळेवर बदल, सोबत फिल्टरही. मी एकदा दीडदोनशे वाचवायला जुनाच फिल्टर ठेवला होता. आठवड्यात नवं ऑइल डांबरासारखं. तसं डिझेलचं ऑइल लवकर काळं पडतंच, त्याला घाबरू नकोस. ऑइल मोजायच्या पट्टीवर दुधाळ, चहासारखा फेस दिसला तर मात्र गाडी तिथेच बंद कर आणि फिटरला बोलाव, पाणी शिरलंय.