कॅम्पर ट्रेलरसाठी पिकअप निवडताना: आधी वजन, मग ब्रेक, इंजिन शेवटी

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: राहणे मुलुंडला, बदलापूरजवळ मेव्हण्यांच्या जागेत ट्रेलर उभा करण्याची सोय, ट्रेलर एका ॲक्सलचा आणि बनवणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे ११०० किलोचा, प्रवासाला तुम्ही दोघे, आई आणि दोन मुले. जायचे आहे लोणावळा, महाबळेश्वर आणि कोकणात. टोयोटाची हायलक्स, इसुझूची व्ही-क्रॉस आणि महिंद्राची जुनी बोलेरो कॅम्पर या पिकअपपैकी कोणती गाडी हा ट्रेलर सुरक्षितपणे ओढेल, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय "हायलक्स साडेतीन टन ओढते, डोळे मिटून घ्या" असा सल्ला तुम्हाला एकाने दिला आहे.

त्या साडेतीन टनांपासूनच सुरुवात करतो. ऑस्ट्रेलियात फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणाऱ्या) हायलक्सला आणि ३.० लिटर इंजिनाच्या डी-मॅक्सला (व्ही-क्रॉस हे तिचेच भारतातले रूप) ३५०० किलोची क्षमता दिलेली आहे, हे खरे आहे. पण हा आकडा तिथल्या गाडीचा, तिथल्या हिचचा (गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडाचा), तिथल्या कायद्याचा आहे, आणि त्यात ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत हे गृहीत धरलेले आहे. भारतात मिळणाऱ्या व्ही-क्रॉसचे इंजिन १.९ लिटरचे आहे, म्हणजे मुळात गाडीच वेगळी. आपल्याकडच्या गाडीचा आकडा आपल्याकडच्या मालक-पुस्तिकेत असेल तोच, आणि पुस्तिका गप्प असेल तर कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. शोरूममधल्या विक्रेत्याचा तोंडी होकार अपघातानंतर विमा कंपनीपुढे टिकत नाही.

आता ट्रेलरचे खरे वजन. ११०० किलो हे रिकाम्या ट्रेलरचे वजन आहे. त्यात १०० लिटर पाणी भरले की १०० किलो वाढले. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि लोखंड जवळपास तितकेच, म्हणून ३० किलो. दोन मोठ्या लेड-ॲसिड बॅटऱ्या ९५ किलो धरा. छत, टेबल-खुर्च्या आणि भांडी ६०, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि किराणा ७०. बेरीज १४५५ होते, आणि यात मुलांच्या सायकली नाहीत. गाडी निवडायची ती या साडेचौदाशेसाठी.

या वजनाचा एक हिस्सा थेट पिकअपच्या मागच्या टोकावर, हिचच्या गोळ्यावर पडतो. अमेरिकेत हा हिस्सा ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवण्याची पद्धत आहे, युरोपात त्याहून कमी असतो. आपण १० टक्के धरू, म्हणजे १४५ किलो. तो मुद्दाम कमी करू नका, कारण पुढे हलका आणि मागे जड ट्रेलर वेग घेताच शेपटीसारखा डोलू लागतो, आणि एकदा डोलणे वाढत गेले की तो पिकअपलाही सोबत फिरवतो.

हे १४५ किलो गाडीच्या भारवाहन क्षमतेतून वजा होतात, आणि बहुतेकांचा हिशेब चुकतो तो इथे. तुमचाच हिशेब मांडतो: तीन मोठी माणसे आणि दोन मुले मिळून २७०, हिचवरचा भार १४५, हिचची चौकट आणि वायरिंग ३५, हौद्यावरचे झाकण ६०, फ्रिज, जॅक, हत्यारे आणि बॅगा ८०, एकूण ५९० किलो. गाडीच्या भारित वजनातून (पूर्ण भरल्यावर परवानगी असलेले कमाल वजन) विनाभार, म्हणजे रिकामे वजन वजा केल्यावर ५९० पेक्षा कमी उरत असेल, तर ओढण्याची क्षमता कितीही असो, ती गाडी या प्रवासाला पुरणार नाही. विनाभार वजनात टाकीभर डिझेल धरले आहे का, हेही पाहा, कारण हायलक्सची ८० लिटरची टाकी भरली तर सुमारे ६५ किलोंचा फरक पडतो.

भारवाहन क्षमता पुरली तरी मागचा ॲक्सल वेगळा तपासावा लागतो. हायलक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ३०८५ मिलिमीटर आहे. हिचचा गोळा मागच्या ॲक्सलच्या सव्वा मीटर मागे आहे असे धरले, तर तिथले १४५ किलो मागच्या ॲक्सलवर सुमारे २०४ किलो होऊन पडतात आणि पुढच्या ॲक्सलवरून ५९ किलो उचलले जातात. ज्या चाकांनी वळायचे आणि ज्यांच्यावर ब्रेकचा मोठा भार असतो, नेमकी तीच हलकी होतात. पुष्कळ गॅरेजवाले यावर उपाय म्हणून मागच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा घालून देतात. पाट्याने गाडीची मागची बाजू वर येते आणि बघायला सगळे ठीक दिसते, पण ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही, आणि पुढच्या चाकांवरचे गेलेले वजनही परत येत नाही.

हे सगळे कागदावर करण्यापेक्षा वजनकाट्यावर करा. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या बाजूला किंवा भिवंडीकडे काट्यांना तोटा नाही, आणि सकाळी लवकर गेलात तर ट्रकांची रांगही नसते. प्रवासाला निघताना जसे भराल तसे सगळे भरून, माणसांना गाडीत बसवून, आधी ट्रेलर सोडून फक्त पिकअपचे वजन करा. मग ट्रेलर जोडून पिकअपची चारही चाके काट्यावर आणि ट्रेलरची चाके काट्याबाहेर अशी गाडी उभी करून पुन्हा वजन घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे हिचवरचा भार. त्यानंतर पुढची चाके काट्यावरून उतरवून फक्त मागच्या ॲक्सलचे वजन घ्या, आणि शेवटी ट्रेलर एकटा. मोठे काटे १० किंवा २० किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतात, त्यामुळे तेवढी तफावत गृहीत धरा. काटेवाल्याला हे आधी समजावून सांगावे लागते, कारण त्याच्या दृष्टीने एकच गाडी चार वेळा तोलणारा गिऱ्हाईक संशयास्पद असतो.

इंजिनाची चिंता तुमच्या प्रश्नात सर्वांत जास्त दिसते, पण खरे तर तिचीच गरज सर्वांत कमी आहे. माणसांसह पिकअप आणि भरलेला ट्रेलर मिळून साधारण चार टन होतील. शंभर मीटरला सहा मीटर चढ असलेल्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने हे वजन नेण्यास चाकांवर सुमारे ६० ते ६५ अश्वशक्ती लागते. व्ही-क्रॉसची १६३ आणि हायलक्सची २०४ अश्वशक्ती त्यासाठी पुरून उरते. बोलेरो कॅम्परच्या सुमारे ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाला मात्र तिथे काहीच शिल्लक राहत नाही. मे महिन्यात, एसी चालू ठेवून, खोपोलीहून वर चढताना ती खालच्या गिअरमध्ये रांगेल आणि मागे ट्रकांची रांग लावेल. त्यात ती मालवाहू म्हणून नोंदवलेली असली, तर फिटनेसचे कागदही मागे लागतात. तिला यादीतून काढा.

चढावर कस लागतो तो थंड राहण्याच्या क्षमतेचा. अमेरिकेतल्या जे-२८०७ या मानकात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर सुमारे १८ किलोमीटर, किमान ३८ अंश तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या वेगाखाली न येता ट्रेलर ओढावा लागतो. गाडी कशी तपासावी याचा तो चांगला नमुना आहे. ऑटोमॅटिक घेणार असाल तर तिच्या गिअर ऑइलच्या कूलरची चौकशी करा. तरीही माझे मत ऑटोमॅटिककडेच झुकते. हायलक्सच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क ५०० न्यूटन-मीटर आणि मॅन्युअलमध्ये ४२० आहे, हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण म्हणजे चढावरच्या खोळंब्यात थांबत-निघत जाताना, किंवा ट्रेलर मागे घेत चढावरच्या फाटकातून आत घालताना, मॅन्युअलचा क्लच जळतो.

खरी परीक्षा उतारावर असते. लोणावळा ते खोपोली हा उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा आहे. चार टन वजन तेवढे खाली आणताना सुटणारी ऊर्जा ६० लिटरहून अधिक थंड पाणी उकळायला पुरेल. ती कुठेतरी जायलाच हवी. काही वाऱ्यात आणि टायरांत जाते, काही इंजिन शोषते, उरलेली सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. ट्रेलरला ब्रेक नसतील, तर त्याच्या दीड टनाचा वाटाही पिकअपच्या चार चाकांवर येतो. घाट संपल्यावर खोपोलीच्या बाजूला थांबलेल्या गाड्यांजवळ येणारा करपट वास याचाच असतो. म्हणून ब्रेक नसलेला दीड टनाचा ट्रेलर कोणत्याही पिकअपला जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ब्रेकशिवायची मर्यादा ७५० किलो आहे, आणि आपल्या वर्गीकरणातही ट्रेलरचा पहिला वर्ग, टी-१, ७५० किलोंपर्यंतच आहे.

ट्रेलरचे ब्रेक दोन तऱ्हेचे मिळतात. एकात ट्रेलरने मागून ढकलले की जोडाचा दांडा दबतो आणि ब्रेक लागतो. ही रचना साधी आणि स्वस्त आहे, पण लांब घाटात गाडी गिअरवर उतरवताना ट्रेलर सतत ढकलत राहतो, त्यामुळे त्याचे ब्रेक सतत थोडे लागलेले राहून तापतात. दुसरे विजेवर चालतात, आणि त्यांचा कंट्रोलर चालकाच्या हाताशी असतो. ट्रेलर डोलू लागल्यास पिकअपचा ब्रेक न दाबता, ॲक्सिलरेटर सोडून, फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावता येतो, आणि ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. सह्याद्रीत फिरणाऱ्याने विजेचे घ्यावेत. जोड तुटला तर ट्रेलरचा ब्रेक आपोआप लावणारी तार आणि हिचखाली एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या दोन साखळ्या यांवर मात्र घासाघीस करू नका. आणि उतारात तुम्ही ज्या गिअरने चढला असता त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये राहा.

हिचबद्दल थोडे सविस्तर, कारण मुंबईत शोभेची हिच फार विकली जाते. बंपरला किंवा चासीला जागेवर वेल्ड करून बसवलेली हिच घेऊ नका. चासीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने बसणारी आणि कंपनीच्या छिद्रांत जाणारी असावी. तिच्या पट्टीवर डी-मूल्य, म्हणजे ती किती ओढ सहन करते याचा आकडा, कोरलेले असते. तुम्हाला किती हवे ते असे काढा: पिकअपचे भारित वजन आणि ट्रेलरचे वजन यांचा गुणाकार त्यांच्या बेरजेने भागून ९.८१ ने गुणावा आणि हजाराने भागावे. २९१० किलोंची हायलक्स आणि १४५५ किलोंचा ट्रेलर यांसाठी उत्तर साडेनऊ किलोन्यूटन येते, आणि पट्टीवरचा आकडा त्याहून जास्त हवा. उभ्या भाराची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती १४५ च्या वर हवी. गोळा ५० मिलिमीटरचा की दोन इंचांचा, हेही जुळवा. फरक मिलिमीटरभराचाच आहे, पण ५० च्या गोळ्यावर दोन इंचांचा जोड सैल बसतो. आणि चिखलात रुतलेली गाडी ओढण्यासाठी हा गोळा कधीही वापरू नका, तो तुटून उडाला तर माणूस जातो.

फोर बाय फोर हवी का? घाटासाठी नको, कारण या प्रकारच्या गाड्यांत ती कोरड्या डांबरावर लावायचीच नसते. पण पावसाळ्यात कर्जतच्या लाल चिखलातून किंवा ओल्या गवतावरून दीड टनाचा ट्रेलर बाहेर काढायचा असेल, तर फोर बाय फोरच्या लो रेंजशिवाय (हळू पण जास्त जोराने ओढणारे गिअर) ट्रॅक्टरवाल्याला शोधावे लागते. तुम्ही पावसातही जाणार असाल तर घ्या.

कागदांचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी आणि विमा लागतो, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. बनवणारा "पासिंग नंतर करून देतो" म्हणत असेल, तर आरसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. पिकअपला हिच बसवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारा. शिवाय तुमच्या सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल, तर ५३२५ मिलिमीटर लांबीची हायलक्स त्या फळीवर बसते का, हे बुकिंगआधीच मोजून घ्या. व्ही-क्रॉसही काही लहान नाही, ती ५२९५ मिलिमीटर आहे.

तुमच्या जागी मी असतो तर लेखी क्षमता मिळाल्यावर ऑटोमॅटिक हायलक्स घेतली असती, ट्रेलरला विजेचे ब्रेक लावून घेतले असते आणि पाण्याची टाकी मुक्कामाच्या गावी पोचल्यावर भरली असती. बजेट व्ही-क्रॉसपुरतेच असेल, तर गाडीऐवजी ट्रेलरवर विचार करा: भरून १००० किलोंच्या आत राहणारा, तंबूसारखा उघडणारा ट्रेलर घेतला, तर हिचवरचा भार १०० किलोंच्या आसपास येतो आणि आईसकट पाचही जणांना मागच्या ॲक्सलवर जागा राहते. तंबूच्या ट्रेलरात आईंना चढ-उतार जमेल का, हे तुम्हालाच पाहावे लागेल.

पुढचे सांगण्यासाठी मला तीन गोष्टी लागतील: ट्रेलरच्या ॲक्सलची कोरलेली क्षमता, त्याच्या टायरांवरचा भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) आणि पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे. टाकी मागे असेल तर बनवणाऱ्याला सध्या थांबायला सांगा, कारण ती भरली की हिचवरचा भार कमी होतो, आणि चौकट वेल्ड झाल्यावर टाकी हलवणे महागात पडते.