वाघाखाली मजेंटा लावायचा का? अंडरपेंटिंगबद्दल (म्हणजे चित्राखाली आधी द्यायच्या रंगाबद्दल) तुमचे प्रश्न

प्रश्न: ताडोबाच्या फोटोवरून वाघ काढतेय, अ‍ॅक्रेलिकमध्ये. मे महिन्यातलं सुकलेलं गवत आहे, सगळंच पिवळट तपकिरी होतंय आणि वाघ त्यात हरवतो. खाली कुठला रंग देऊ?

उत्तर: वाघ गवतात हरवतो हे खरंच आहे, हरणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांना त्याचा केशरी हिरवटच दिसतो. पण चित्रात तो उठून यायला हवा ना! गवताच्या भागाला आधी जांभळा द्या, अल्ट्रामरीनमध्ये थोडा मजेंटा, पातळच. पिवळ्याच्या समोरचा रंग म्हणजे जांभळा, त्यामुळे वरून ड्राय ब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने, यलो ओकरची (मातकट पिवळ्याची) पाती ओढली की मधे मधे डोकावणारा जांभळा आपोआप सावलीचं काम करतो, ते बघायला फार मजा येते. वाघाचा आकार मात्र कोरा ठेवून तिथे नुसता मजेंटा लावा, पूर्ण वाळू द्या आणि मग केशरीचे पातळ ग्लेझ, म्हणजे खालचं दिसू देणारे पारदर्शक थर, चढवा, अंग आतून तापल्यासारखं दिसतं. कॅडमियम ऑरेंज जाड थापू नका, तो अपारदर्शक आहे, खालची सगळी मेहनत झाकून टाकेल. पट्ट्यांना ट्यूबमधला काळा नको, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळा.

प्रश्न: तुमचं वाचून गव्याखाली भडक पिवळा लावला, पण गव्याचं वजनच गेलं. काय चुकलं?

उत्तर: रंग नाही चुकला, टोन चुकला, म्हणजे गडद-फिकटपणा. मीसुद्धा एकदा गवा लेमन यलोवर काढला होता, चार थर दिले तरी खालून उजेड येतच राहिला, शेवटी सँडपेपर मारून पुन्हा सुरुवात केली. गडद जनावराखाली गडद बेस हवा, किरमिजी लाल घ्या, बोल्ड पण राहतो आणि जड पण. पायांचे पांढरे मोजे तेवढे सोडा. आणि दर थराला मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, त्यात गवा गवा दिसला तर खाली कुठलाही रंग असू दे, चालतो.

प्रश्न: खाली अ‍ॅक्रेलिक, वर ऑइल चालेल का?

उत्तर: हो, पातळ लावा, पूर्ण वाळू द्या. उलटं नको, ऑइलवर अ‍ॅक्रेलिक धरत नाही, सोलून येतो.

प्रश्न: भीमाशंकरचा शेकरू वॉटरकलरमध्ये करायचाय, त्यात जमेल का असं काही?

उत्तर: जमेल, फक्त इथे पांढरा म्हणजे कागदच, म्हणून पोटाचा फिकट भाग आधीच राखा. पाठीवर गरम पिवळा वॉश (पाणीदार पातळ थर) द्या, वाळला की तांबूस तपकिरी, एकाच फटक्यात, घासायचं नाही, नाहीतर खालचा थर उठून चिखल होतो. मागच्या झाडीखाली फ्थॅलो ब्लू वापरणार असाल तर जपून, तो कागदात मुरतो आणि नंतर उचलता येत नाही. डोळ्यातला चमकता ठिपका तर पेन्सिलीने आखून पहिल्या वॉशच्या आधीच कोरा सोडा.