स्टॅनली कप (एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगचं विजेतेपद) जिंकलेल्या टीमने तरुण डिफेन्समनला, म्हणजे बचावातल्या खेळाडूला, ट्रेड करावं का? कोलोराडोने बोवेन बायरमला सोडलं ते बरोबर होतं का?

नाही, करू नये. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा आहे, स्केटिंग चांगलं आहे, दबाव आला तरी पक (हॉकीची चकती) घेऊन आपल्या झोनमधून बाहेर पडता येतं, असा डिफेन्समन कप जिंकलेल्या टीमने सोडला की मला राग येतो. बायरमचं खाली लिहितो, पण आधी शिकागो ब्लॅकहॉक्सच्या निक लेड्डीचं लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण त्या ट्रेडवरून माझा आणि माझ्या दाजींचा वाद दहा वर्षांच्या वर चालू आहे.

मी २००८ पासून शिकागोच्या सबर्बमध्ये राहतो. ब्लॅकहॉक्सने २०१०, २०१३ आणि २०१५ ला कप उचलला ती सगळी वर्षं मी इथे होतो. लेड्डी २०१३ च्या टीममधला. ४ ऑक्टोबर २०१४, शनिवार. दसरा आदल्या दिवशी झालेला, म्हणून सगळे ताईकडे नेपरव्हिलला जेवायला जमलो होतो, पुऱ्या तळणं चालू होतं आणि फोनवर बातमी आली, लेड्डी न्यूयॉर्क आयलंडर्सला. तेवीस वर्षांचा, वर्षाला फक्त २७ लाख डॉलरचा डिफेन्समन, आणि बदल्यात ब्रेनन, पोक्का आणि एक गोली (गोलकीपर). कारण सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा. त्या वर्षी कॅप ६ कोटी ९० लाख होती आणि शिकागो तिच्या वर गेलेलं, त्यात केन आणि टेव्स या दोन स्टार फॉरवर्डचे नवीन करार जुलैमध्येच झालेले, पुढच्या सीझनपासून प्रत्येकी १ कोटी ५ लाख. हे गणित मला कळतं. दाजी सप्लाय चेनमध्ये आहेत, त्यांना तर माझ्याहून जास्त कळतं. ते ताट हातात घेऊन म्हणाले, "योग्य केलं. जिंकणाऱ्याला भावना परवडत नाहीत रे. आणि त्या गोलचं काय?"

तो गोल म्हणजे १ जून २०१४, लॉस एंजेलिसविरुद्ध सातवी मॅच, ओव्हरटाइम, मार्टिनेझचा शॉट लेड्डीला लागून आत गेला आणि शिकागोचा सीझन संपला. पक अंगाला लागून वळला यात पोराची काय चूक? पण लोकांच्या डोक्यात तेच राहतं. मी म्हणालो, दाजी, डिफेन्समन पंचविशीत तयार होतो, फॉरवर्डसारखं नसतं, त्याला चुका करूनच शिकावं लागतं आणि त्याची प्रत्येक चूक स्कोअरबोर्डवर दिसते. डंकन कीथ बघा. २००२ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवीन पोरं निवडतात तो कार्यक्रम) दुसऱ्या राउंडला घेतला, दोन वर्षं नॉरफोकला खालच्या लीगमध्ये ठेवला, २००५ ला वर आणला, आणि सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळाली ती २०१० ला. आठ वर्षं. तेवढा धीर लेड्डीला का नाही?

मग २०१५ ला शिकागो कप जिंकलं. १५ जून, टँपाविरुद्ध २-०, घरच्या रिंकवर १९३८ नंतर पहिल्यांदा. बाहेर वादळी पाऊस चाललेला, कपसुद्धा त्यामुळे उशिरा पोचला. दाजींचा रात्री साडेदहाला फोन, "कप आला ना? मग विषय संपला."

विषय संपला नाही. त्या प्लेऑफमध्ये (कपसाठीच्या बाद फेऱ्यांत) मिनेसोटाविरुद्ध रोझिव्हलचा घोटा मोडला आणि त्यानंतर टीम खरं म्हणजे नेहमीच्या सहाऐवजी चार डिफेन्समनवर खेळली, कीथ, सीब्रुक, यालमारसन, ओडुया. बाकीच्यांना मोजून काही मिनिटं. कीथ त्या प्लेऑफमध्ये ७०० मिनिटांच्या वर खेळला, मॅचला एकतीस मिनिटं, आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी त्याला एकमताने मिळाली. मला त्याचा किती अभिमान आहे ते सांगता येणार नाही. पण तेवढी मिनिटं त्याला का ओढावी लागली? लेड्डी नव्हता म्हणून. आणि ती जागा भरायला फेब्रुवारीत फिलाडेल्फियाकडून किमो टिमोनेन आणला, चाळिशीला टेकलेला, आदल्या उन्हाळ्यात रक्ताच्या गाठी झालेला, आणि त्याच्यासाठी त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला दुसऱ्या राउंडचा पिक, म्हणजे पोरगा निवडायचा हक्क, दिला, वर अजून एक. कॅप्टन टेव्सने कप आधी त्याच्या हातात दिला तेव्हा माझ्याही डोळ्यात पाणी आलं, माणूस मोठाच आहे. पण तेवीस वर्षांचा द्यायचा आणि मग पिक देऊन चाळीस वर्षांचा आणायचा, याला मी शहाणपण म्हणणार नाही. लेड्डीच्या बदल्यात आलेल्या तिघांपैकी एकही शिकागोकडून एनएचएलची एकही मॅच खेळला नाही. लेड्डीने मात्र त्याच सीझनला आयलंडर्ससाठी ३७ पॉइंट (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) केले.

आता माझ्या पोराचं. प्रश्नात हे विचारलेलं नाही, पण दाजींना जे कधी नीट सांगता आलं नाही ते इथे सांगतो.

माझा मुलगा २००३ चा, डिफेन्स खेळायचा. पहाटे साडेपाचची प्रॅक्टिस, जानेवारीत गाडी गरम होईपर्यंत हात खिशात, मागे त्या बॅगेचा वास, ज्यांची मुलं खेळतात त्यांना माहीत आहे. उंचीने लहान होता, पण खेळ वाचायचा छान. समोरचा कुठे पास देणार हे त्याला आधी दिसायचं. २०१६-१७ ला त्यांची चौदाखालची टीम लीग जिंकली. एप्रिलमध्ये ट्रायआउट, म्हणजे पुढच्या वर्षीच्या टीमची निवड. आमच्या मनात शंकाच नव्हती. रात्री क्लबच्या साइटवर जर्सी नंबरांची यादी लागते, त्यात त्याचा नंबर नव्हता. मी तीन वेळा वरून खाली वाचली. त्याच्या जागी दुसऱ्या सबर्बमधला एक पोरगा घेतला होता, तेराव्या वर्षी सहा फूट.

मी कोचला फोन केला. करू नये असा संकेत आहे, तरी केला. तो शांतपणे म्हणाला, तुमचा मुलगा दोन वर्षांत चांगला डिफेन्समन होणार आहे, पण मला पुढच्या वर्षी जिंकायचंय. त्याचा मला अजून राग आहे, पण खोटं बोलला नाही हेही सांगतो. चॅम्पियन टीम पोराला का सोडते याचं याहून स्वच्छ उत्तर मी एनएचएलच्या कुठल्या मॅनेजरकडूनही ऐकलेलं नाही.

मुलगा काही बोलला नाही. खाली बेसमेंटमध्ये जाऊन गॅरेजच्या दाराकडे पाठ करून स्केट्स पुसत बसला, कोरड्याच होत्या. मी पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "बाबा, मी काय चुकलो?" मला एक चूक सांगता आली नाही, कारण नव्हतीच.

त्याच आठवड्यांत नॅशव्हिलने शिकागोला पहिल्याच राउंडमध्ये ४-० ने बाहेर काढलं, चार मॅचमध्ये शिकागोचे फक्त तीन गोल. ओडुया २०१५ लाच सोडून गेलेला, पुन्हा परत आणलेला, कीथ-सीब्रुक दमलेले, मागून पक वर नेणारं ताजं कोणी नाही. जूनमध्ये यालमारसनलाही ॲरिझोनाला दिलं आणि पुढच्या वर्षी टीम प्लेऑफलाच पोचली नाही, २००८ नंतर पहिल्यांदा. डिफेन्समन सोडल्याची किंमत लगेच दिसत नाही, दोन-तीन वर्षांनी उरलेल्यांच्या पायात दिसते, हेच मी दाजींना सांगत होतो. ते म्हणाले, पोराच्या दुःखात तू शिकागोचं मिसळतोयस. मिसळत असेन. त्याची जुनी टीम पुढच्या वर्षीही जिंकली आणि तेव्हाही त्यांनी तेच म्हटलं, "बघ, कोच बरोबर होता." एवढ्या लहान भाच्याबद्दल असं बोलू नये, हे मी तेव्हा बोललो नाही, आज बोलतो.

मुलगा दुसऱ्या क्लबला गेला, सोळाव्या वर्षी एकदम उंच झाला, कॉलेजच्या क्लब टीमकडून चारही वर्षं पहिल्या जोडीत खेळला.

तर बायरम. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये चौथा निवडलेला, २०२२ ला कप जिंकताना वीस प्लेऑफ मॅच खेळला, तेव्हा नुकता एकवीसचा झालेला. ६ मार्च २०२४ ला त्याला बफेलोला देऊन केसी मिटलस्टॅट आणला, कारण काद्री गेल्यापासून दुसऱ्या लाइनला, म्हणजे फॉरवर्डच्या दुसऱ्या तिकडीला, धड सेंटर (मधला फॉरवर्ड) नव्हता. गरज खरी होती. पण एका वर्षात मिटलस्टॅटला बॉस्टनला देऊन चार्ली कॉयल आणला, आणि त्याच उन्हाळ्यात कॉयललाही कोलंबसला दिलं, बदल्यात पिक आणि एक तरुण फॉरवर्ड. म्हणजे ज्या सेंटरसाठी डिफेन्समन दिला तो सेंटरही राहिला नाही. मधल्या दोन्ही वर्षी कोलोराडोला डॅलसने बाहेर काढलं. बायरम २०२४-२५ ला बफेलोकडून सगळ्या ८२ मॅच खेळला.

पण एक आहे, तेही लिहितो. बायरमला डोक्याला वारंवार मार बसलेला, कप जिंकला त्या सीझनला रेग्युलरमध्ये तीसच मॅच खेळलेला, आणि त्याच्या पुढे मकार आणि डेव्हन टेव्स हे डिफेन्समन असताना त्याला पहिल्या जोडीत जागा मिळणं अवघड होतं, तेव्हा कोलोराडोने अगदीच वेडेपणा केला असं नाही. आणि लेड्डी शिकागोला आला तोच मुळी तरुण डिफेन्समन देऊन. फेब्रुवारी २०१० ला त्यांनी २००४ चा तिसरा पिक कॅम बार्कर मिनेसोटाला दिला, लेड्डी आणि यॉन्सन घेतले, आणि चार महिन्यांत कप जिंकले. बार्करला मिनेसोटाने पुढच्याच वर्षी पैसे देऊन मोकळं केलं. त्यामुळे कोणता पोरगा हे बघावंच लागतं. बार्करचे पाय जड होते, लेड्डीचे नव्हते. माझा राग पाय हलके असलेल्या पोराला सोडण्यावर आहे, आणि २७ लाखांची जागा करायचीच होती तर एखादा वयस्कर फॉरवर्ड काढून करता आली असती असं माझं अजून मत आहे.

दाजी हे वाचतील, ताई त्यांना पाठवतेच. फोन आला की मी कपचं काही बोलणार नाही. लेड्डी नको होता तर टिमोनेनसाठी दुसऱ्या राउंडचा पिक कशाला द्यावा लागला, तेवढं सांगा म्हणणार आहे.