जुना स्कॅनर भंगारात देण्याआधी

अरे, स्कॅनर चालत नाही म्हणून लगेच भंगारात द्यायची घाई करू नकोस. आधी स्कॅनर उलटा करून बघ, खाली कुलपाचं चिन्ह असलेली खटकी असेल. ती बंद असली तर आतला दिवा जागचा हलत नाही आणि आपण ड्रायव्हरला, म्हणजे कॉम्प्युटरला स्कॅनर चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरला, दोष देत बसतो. सांगलीत २०१९च्या पुरानंतर आमच्या घरातले भिजून वाळवलेले सातबारे स्कॅन करायला बसलो, तेव्हा माझी अख्खी संध्याकाळ त्यातच गेली.

केबल यूएसबी हबमध्ये (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीत) न घालता थेट कॉम्प्युटरला लाव. तरी चाललं नाही, तर बहुतेक अडचण ही: ड्रायव्हर ३२ बिटचा, म्हणजे जुन्या प्रकारच्या विंडोजसाठीचा, आणि तुझं विंडोज ६४ बिटचं. तो बसणारच नाही, कितीही वेळा टाक. आणि कुठल्यातरी अनोळखी साइटवरून तर मुळीच उतरवू नकोस.

त्यापेक्षा पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) घे आणि इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघ. त्यातल्या ‘सेन’ (SANE) या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅनन लाइड २० सारख्या जुन्या मॉडेलचे ड्रायव्हर आधीच असतात. विंडोजच हवं असेल तर व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर घे. पैसे पडतात, पण आधी फुकट तपासता येतं.

कागदांना ३०० डीपीआय (दर इंचाला किती ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई) पुरे. आजोबांच्या फोटोला मात्र ६०० ठेव.